मेलेल्या बाईची पापणी

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो.
तुम्ही विचारता, श्रीमंत असणं कसं होतं.
अकरा रात्री होते मी श्रीमंत,
फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तर, रोमच्या वेशीबाहेर,
रात्रीचे पंचवीस हजार लिरा, जेवण धरून.

बंगला खऱ्याखुऱ्या काउंटचा. उबाल्दो नाव.
स्वतः माळ्याच्या खोलीत राहायचा, अंगात दोन स्वेटर,
आणि तासातासाला येऊन विजेचा मीटर वाचून जायचा.
पोकळ वासा म्हणतात तो होताच,
घरही काही तितकंसं बडं नव्हतं.
कॅमेरा जमिनीला टेकवला की बडं दिसायचं.

शॅम्पेन म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा.
आरशावरची ती पांढरी रेघ, दुधाची भुकटी.
माझ्या शेजारची लोरेदाना ती नाकाने ओढायची
आणि उरलेली पुडी हळूच पर्समध्ये टाकायची.
घरी तिला तान्हं होतं.

मिंकचा कोट भाड्याचा,
अस्तराला क्रमांक टाचलेला, सत्तेचाळीस.
तो दिसू नये म्हणून जन्मात पहिल्यांदा
मी इतकी ताठ चालले.
दिग्दर्शक म्हणाला, हिच्या रक्तात खानदान आहे.
मी उदिनेजवळच्या खेड्यातली. बाप वीटभट्टीवर.

तलावात उतरायचं तर थंडी अशी
की बोलताना तोंडातून वाफ निघे,
आणि सिनेमात होता ऑगस्ट.
मग बर्फाचे खडे दिले चघळायला.
तोंड गार पडलं की वाफ दिसत नाही.
पडद्यावर आम्ही सुस्त, माजलेल्या हसतो ना,
ते गालात बर्फ धरून.

आणि नाच.
तुम्हा तरुण लोकांना तो फार आवडतो म्हणे.
गाणं नंतर भरणार होते,
सेटवर संगीत नव्हतंच.
आरशांचा गोळा फिरे, निम्म्या काचा गळलेल्या,
आणि फेरुच्चो नावाचा पोऱ्या खोक्यावर चमचा आपटी,
एक दोन, एक दोन.
साठ माणसं चमकीच्या कपड्यांत,
नुसती पायांची खसखस, धापा,
बाहेर जनरेटर.
झोप लागत नाही तेव्हा अजून तेच ऐकू येतं.

आवाजही माझा नाही त्यात.
मी तोंड उघडलं की गाव बाहेर पडतं,
म्हणून इओलांदा नावाच्या बाई
स्टुडिओत मांडीवर विणकाम घेऊन माझ्या वतीने कण्हल्या.
एकदाच भेटल्या. नातवाचा मोजा चालला होता.
म्हणाल्या, तुझ्या किंकाळीपायी माझे चार टाके सुटले गं.

सिनेमा मी तेस्ताच्चोत पाहिला, मागच्या रांगेतून.
सगळीकडे खाटीक, ट्रामवाले,
रात्रपाळीला निघालेली पोरं डबा मांडीवर घेऊन.
शेवटी नोकर बंदूक घेऊन येतो,
आम्हाला एकेकाला टिपतो,
तेव्हा शिट्ट्या काय, टाळ्या काय!
शेजारचा म्हणाला, मरा लेको.
मीही वाजवली टाळी.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं
मला मरताना पाहून.

आता तुमचा तो प्रश्न, ज्यासाठी एवढ्या लांब आलात.
हो, हलते.
तलावाकाठी मी मरून पडलेय, ओठांवर बीटाचा रस,
आणि पापणी हलते.
दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म उरली नव्हती.

दिव्यांच्या पलीकडे काउंट उभा होता,
काखेत थर्मास,
आमचं आटपायची वाट बघत.
त्याने टोपी काढली होती.
प्रेतयात्रा समोरून गेली की काढतात, तशी.
मला वाटलं, हा माणूस फसला की काय,
म्हणून जरासा डोळा उघडून
पाहिलं.